पलटणीतून घरी पाठवलेला जाळीवाला

उद्योगाला संरक्षण म्हटलं की आपल्याला लगेच इम्पोर्ट ड्युटी, सबसिडी, स्वस्तात जमीन वगैरे आठवतं. माणूस शेवटी आठवतो, आठवलाच तर.

म्हणून मला १७७६ ची अमेरिका भारी वाटते. स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम दोन आठवडे झालेले, इंग्रजांची जहाजं न्यूयॉर्कपाशी येऊन थांबलेली, लढायला मिळेल तो माणूस हवाय, आणि त्यांची काँग्रेस (आपली नव्हे 😄) ठराव काय करते, तर पेनसिल्व्हेनियातल्या कागद बनवणाऱ्यांना न्यू जर्सीच्या मोहिमेवर नेऊ नका! ऑगस्टमध्ये तर नेथन सेलर्स नावाच्या एकाला थेट पलटणीतून घरी पाठवलं, का तर कागदाचे साचे बनवायला. ज्यावर लगदा उचलतात ती बारीक तारेची जाळी विणणारा माणूस होता हा. बंदूक धरायला दुसरा कोणीही सापडला असता हो, पण ही जाळी कोण विणणार?

यात प्रेमबिम काही नव्हतं, गरज होती. इंग्लंडचा माल बंद, आणि नोटा, वर्तमानपत्रं, बंदुकीची काडतुसं, सगळ्याला कागदच लागायचा. पेनसिल्व्हेनियातल्याच एफ्राटा गावच्या छापखान्यात पडून असलेल्या धार्मिक ग्रंथाचे छापील कागदसुद्धा सैन्यानं काडतुसांसाठी उचलून नेले म्हणजे बघा. आणि कागद तेव्हा लाकडाचा नाही, चिंध्यांचा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर सरकारनं गावोगावच्या समित्यांना चिंध्या घ्यायला माणूस नेमायला लावला. म्हणजे घरातल्या बायकांनी जपून ठेवलेली फाटकी कापडं हा युद्धाचा कच्चा माल.

आता आपल्याकडे या. १९२५ साली इंग्रज सरकारनं बांबूच्या कागदाला संरक्षण द्यायचा कायदा केला, बाहेरच्या छपाईच्या आणि लिहायच्या कागदावर पौंडाला एक आणा ड्युटी. गिरण्यांना त्याचा आधार झाला, ते चूक असं मी म्हणत नाही. पण पेशवे दफ्तर ज्या जुन्नरी, दौलताबादी कागदावर लिहिलं गेलं, तो हातानं करणारा कागदी त्या कायद्यात कुठेच नाही. गिरणी वाचली म्हणजे धंदा वाचला, हा हिशोब मला तेव्हाचाही पटत नाही आणि आजचाही नाही. पुढे गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली खरी, पण तोवर किती घरांतले साचे माळ्यावर गेले असतील.

पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा अजून आहे. पत्ता सांगायला.