दार घासतंय, त्याची चूक आमची आहे

नमस्कार ताई,

आमच्या सुतारकामाला तुम्ही एक स्टार दिलात. वास्तुशांत झाली तरी दारं लागली नव्हती, काम पाच आठवडे लांबलं, दर वेळी नवा माणूस आला आणि आता पावसात पुढचं दार घासतंय, असं लिहिलंत. हे सगळं खरं आहे. शेवटचं वाक्य मात्र, "मिस्त्रीचे पैसे घेतात आणि परप्रांतातली शिकाऊ पोरं पाठवतात", अर्धंच खरं आहे. ते वाचून आमच्या वर्कशॉपमधली माणसं दुखावली, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी दाराचं. मागच्या रविवारी मी साताऱ्याला येऊन दार उतरवलं, तेव्हा तुमचे मिस्टर समोर होते. खालची कड पाहिली तर कोरं लाकूड. फरशी ठरल्यापेक्षा वर आली होती, म्हणून आमच्या मुलाने दार जागेवर ३ मिलिमीटर कापलं आणि कापलेल्या कडेला सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, न लावता तसंच टांगलं. उभ्या पट्टीच्या उघड्या तोंडातून लाकूड पाणी पितं आणि रुंदीत फुगतं. त्यामुळे कुलपाच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातच घासतंय. लाकडात खोट नाही. बल्लारशाचा सागवान आहे, वर्कशॉपमधून निघताना मीटरवर ओलावा ११ टक्के होता. चूक हाताची झाली, आणि तो हात मी पाठवला होता.

तो मुलगा परप्रांतातला नाही, ताई. तुमच्याच जिल्ह्यातला आहे, आयटीआयमधून सुतारकाम शिकून आलाय, आमच्याकडे त्याला १४ महिने झालेत. आणि ज्या दाराची नक्षी पाहून तुम्ही फोटो पाठवून कौतुक केलं होतंत, ते दार घडवणारे आमचे थोरले मिस्त्री गोरखपूरकडचे. एप्रिलमध्ये त्यांची आई वारली आणि ते गावी गेले. त्यांच्या जोडीचा मिस्त्री त्याच आठवड्यात दुसऱ्या ठेकेदाराने जास्त हजेरी देऊन नेला, आमची उचल अंगावर असताना. उरलेले दोघे लग्नसराई आणि गव्हाच्या कापणीसाठी आधीच गेलेले. मी तेव्हाच तुम्हाला फोन करून "वास्तुशांतीपर्यंत होणार नाही" असं सांगायला हवं होतं. त्याऐवजी माणसं शोधत राहिलो आणि तुम्हाला पुढचा सोमवार, पुढचा सोमवार सांगत राहिलो. हा माझा सगळ्यात मोठा दोष. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

माणसं मिळत नाहीत असं नाही, भरीव लाकडाची मिळत नाहीत. प्लाय कापून मायका चिकटवणारे, स्क्रू मारून कपाट उभं करणारे कारागीर पुण्यात सकाळी फोन केला तर संध्याकाळी येतात, आणि त्यांच्या कामात ते वाकबगार असतात. दाराचं काम वेगळं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी सागवानाचे दोन तुकडे देतो आणि म्हणतो, फेविकॉल न लावता, खिळा न मारता जोडून दाखव. कूस, म्हणजे एका तुकड्याच्या टोकाला काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत हाताने दाबून बसली पाहिजे आणि तुकडा उचलून झटकला तरी सुटता कामा नये. त्या दिवसांत नऊ जण आले. दोघांची कूस ढिली होती, एकाने ठोकून बसवली तर खाचेची कड फुटली, बाकीच्यांनी पटाशी हातात घेऊन खाली ठेवली. नवव्याचं जमलं. त्यालाच तुमच्या जिन्याचा कठडा दिला, आणि कठड्याबद्दल तुमची तक्रार नाही.

माझे आजोबा गावचे सुतार, बलुतं घ्यायचे. कुळव, बैलगाडीची चाकं, घराची आढी. ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. भावकीतली मुलं एमआयडीसीत गेली, ते बरंच झालं, तिथे पीएफ होता. आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स आठवी पास मुलाला एका वर्षात होतो. पण वर्षभरात मुलगा हत्यारं ओळखायला लागतो, लाकूड ओळखायला नाही. आमच्याकडे पहिले सहा महिने तो पटाशी आणि रंध्याचं पातं पाजळायला शिकतो, मग चौकट, मग दार. मोठ्या करवतीवर मी दोन वर्षं कुणाला उभं करत नाही. बोटं परत येत नाहीत. वर्कशॉपमध्ये आम्ही १४ जण आहोत, सगळ्यांचं ईएसआयसी भरतो.

२०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिराला जी सागवानी दारं लागली, त्यांचं लाकूड आपल्या चंद्रपूरच्या बल्लारशाचं आणि नक्षी तमिळनाडूच्या कारागिरांची. काम येणारा माणूस कुठून आला हे मी कधी विचारत नाही. तुमचा राग माझ्यावर असू दे, त्यांच्या गावावर नको, एवढीच विनंती.

आता करायचं काय ते. खालची बिजागरी मी थोडी खोल बसवून दिली आहे, त्याने दार तूर्त मोकळं फिरेल. तुमचे मिस्टर म्हणाले तसा रंधा आत्ता मारणार नाही. फुगलेलं लाकूड आज तासलं तर मार्चमध्ये तिथे फट दिसेल. पाऊस संपून ओलावा उतरला की, दसऱ्यानंतर, दार पुन्हा उतरवून कड साफ करू, सीलरचे दोन हात देऊ आणि पॉलिश जुळवू. पुढच्या दाराची फिटिंगची मजुरी परत करतोय. बाकी पाच दारांच्या खालच्या कडाही त्याच दिवशी तपासू.

थोरले मिस्त्री परत आलेत. दार तेच उतरवतील आणि तो मुलगा शेजारी उभा राहून शिकेल, तुमची हरकत नसेल तर. नसेल चालत तर तसं सांगा, त्याला आणणार नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी स्वतः फोन करतो.