बसायला जागा

केंब्रिजला भाच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला शनिवारी बरी सेंट एडमंड्स दाखवलेच पाहिजे, असा त्याच्या घरचा दंडक आहे. सफोकमधल्या या बाजारगावाचे रस्ते अकराव्या शतकात बाल्डविन नावाच्या मठाधिपतीने आखले, ही माहिती त्याने मला ॲबीगेट स्ट्रीटचा चढ चढवताना दिली. आखणी उत्तमच आहे. फक्त तीत साठी उलटलेल्या गुडघ्यांची सोय कुठे दिसत नाही.

बुधवारी आणि शनिवारी भरणाऱ्या बाजारात तर बसण्याचा प्रश्नच नव्हता. भाजी वाडग्यांत रचलेली असते आणि वाडग्याचा भाव ठरलेला असतो. तरीही ‘वर दोन मिरच्या घाला’ हा प्रस्ताव आमच्या सौभाग्यवतींनी खुणांनी मांडला, भाजीवाल्याने तो हसत मान्य केला आणि भाच्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे मठाचे अवशेष. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1539 साली, मठ बंद पडला आणि गावकऱ्यांनी त्याचे दगड घरोघरी नेले. पण पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीत लोकांनी चक्क घरेच बांधली आहेत. त्यांतल्या एका खिडकीत एक बाई निवांत बसून चहा पीत होती. मठाच्या वैभवाचा हेवा राजाला वाटला असेल. मला त्या बाईच्या खुर्चीचा वाटला. गुलाबांच्या बागेत अखेर एक बाक दिसला, तोही ऐतिहासिक निघाला: दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाच्या पंखाच्या पत्र्याचा. ही विमाने किती उंच, गोठवणाऱ्या हवेत उडत असतील, याची कल्पना मला बसल्याबसल्याच आली आणि मी उठलो.

मग ‘द नटशेल’ हा पंधरा फूट बाय सात फुटांचा पब. छताला एक वाळलेले मांजर टांगले आहे. 1984 साली इथे म्हणे 102 माणसे मावली होती. आम्ही गेलो तेव्हा जेमतेम आठ होती, पण प्रत्येकाला दुसऱ्यापासून सभ्य अंतर हवे असल्याने जागा संपली होती. सकाळची आठ सोळाची फास्ट पकडणाऱ्या डोंबिवलीकराला ही अडचण समजावून सांगणे कठीण आहे.

चहाच्या दुकानात शिरलो, तर तिथली मुलगी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. तिने तीनदा ‘सॉरी’ म्हणत कागदी पेल्यांतून चहा दिला आणि आम्ही तो फुटपाथवर उभ्याने प्यायलो.

“मामा, मॉइझेस हॉल राहिलाच,” भाचा म्हणाला. “बाराव्या शतकातली इमारत. 1828 साली फाशी गेलेल्या खुन्याच्या कातड्यात बांधलेले पुस्तक आहे तिथे.”

“आत बाक आहे का?” मी विचारले.

“असला,” सौभाग्यवती म्हणाल्या, “तर तो कशाचा केलाय, तेवढे आधी विचारून ये.”