‘रॉ काढा, रंग नंतर बघू’ हे हळदीच्या गावात चालत नाही

लग्नसराई आली की सांगली-साताऱ्याकडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. आशय असा: व्हाइट बॅलन्स (कुठल्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी) ऑटोवर ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, रंग नंतर लाइटरूम या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जमतो. ग्रे कार्डावर (रंग मोजायच्या तटस्थ राखाडी कार्डावर) पैसे घालवू नका, पांढरा कागद किंवा नवरदेवाची टोपी पुरते. फारच वाटलं तर केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) ५५०० ला ठेवा आणि विसरून जा. नवी मुलं हे वाचून कामाला लागतात, आणि अल्बम छापून येतो तेव्हा नवरीचा चेहरा एका पानावर राखाडी, पुढच्या पानावर नारिंगी असतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी ऑटो. कॅमेऱ्याला प्रकाश कुठला आहे हे कळत नाही. त्याच्या हातात असतात फक्त लाल, हिरव्या आणि निळ्याचे आकडे, आणि त्यावरून तो अंदाज बांधतो. मूळ ठोकताळा हा, की फ्रेममधले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखाडी व्हावं. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखणं वगैरे भर पडली, तरी शेवटी तो अंदाजच. आता सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला लावलेला राजापुरी हळदीचा ढीग फ्रेमभर घ्या. कॅमेऱ्याला वाटतं पिवळं फार झालं, बल्बचा उजेड असणार, आणि तो निळ्याकडे ओढतो. हळकुंडाची केशरी झाक जाते आणि माल फिका, जुना दिसतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि घेणारा रंग बघूनच बोलतो. परगावच्या व्यापाऱ्याला असा फोटो गेला तर चांगल्या मालाची नाहक बदनामी होते.

लग्नाच्या हळदीत तेच घडतं, फक्त चेहऱ्यावर. पिवळी साडी, पिवळी झेंडूची माळ, वर पिवळं कापड. जवळून घेतलेल्या फोटोत पिवळं जास्त म्हणून चेहरा निळसर पडतो. दोन पावलं मागे आलात की केळीचे खुंट आणि पाहुण्यांचे कपडे फ्रेममध्ये येतात, हिशोब बदलतो, रंगही बदलतो. प्रकाश तोच, नवरी तीच, आणि ऑटो प्रत्येक फ्रेमला नव्याने ठरवतो.

रॉचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. रॉ फाइलमध्ये सेन्सरचे मूळ आकडे राहतात, व्हाइट बॅलन्स ही नुसती सोबत जोडलेली नोंद असते. ती नंतर बदलता येते, जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, ती मुरलेली असते. इथवर सगळं बरोबर. पण बदलून किती करणार? रात्री अकरा वाजता संगणकासमोर बसल्यावर त्या साडीचा खरा पिवळा कुठला होता हे कोण सांगणार? डोळा दोन मिनिटांत पडद्याच्या रंगाला सरावतो आणि जे समोर आहे तेच त्याला बरोबर वाटू लागतं. फाइलमध्ये एखादी खात्रीची राखाडी वस्तू असेल, तरच त्या एका क्लिकला अर्थ आहे.

दुसरं, पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश मुळात कमी असतो. नंतर निळा वाढवताना त्याच्याबरोबर सावलीतला रवाही (बारीक ठिपक्यांचा खडबडीतपणा) वाढतो. तिसरं, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) रॉचा नसतो, जेपेगचा असतो. बॅलन्स चुकीचा असेल तर एक्स्पोजरही (फोटो किती उजळ आला ते) चुकीचं वाचलं जातं. हळदीत लाल रंगाची पट्टी सगळ्यांत आधी उजव्या भिंतीला टेकते. ती टेकून कापली गेली, म्हणजे त्यापुढचा उजेड नोंदलाच गेला नाही, तर ढिगाचा पोत सपाट होतो, आणि सेन्सरमध्येच कापलं गेलेलं रॉमधूनही परत येत नाही. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा.

कागद आणि टोपीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ही चूक सगळ्यांत जास्त होते. झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारी रसायनं असतात. ती उन्हातला अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा बाहेर टाकतात. टोपी, धोतर, शर्ट यांना तर आपण स्वतःच नीळ घालतो, वर साबणाच्या पावडरमध्ये तीच रसायनं. डोळ्याला ते शुभ्र दिसतं, कॅमेऱ्याला निळसर. कॅमेरा तो निळा मारायला पिवळं घालतो आणि सगळा फोटो पिवळट होतो. शिवाय पांढरी वस्तू सहज जास्त उजळते, आणि एखादा रंग कापला गेला की मोजमापच खोटं.

एक्स्पोजरसाठी विकलं जाणारं प्रत्येक १८ टक्क्यांचं (तेवढाच प्रकाश परत फेकणारं राखाडी) कार्डही रंगाने तटस्थ असतंच असं नाही. व्हाइट बॅलन्ससाठी म्हणून बनवलेलंच घ्या. तेवढा खर्च नको असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली, नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप आठ-दहा थर देऊन पुठ्ठ्यावर गुंडाळा. कागदापेक्षा ती कितीतरी तटस्थ असते. ती पांढरी असल्यामुळे एक्स्पोजर थोडं खाली ठेवा, एवढंच.

आता अडत दुकानात नमुन्याचा फोटो काढायचा आहे असं धरू. वरची ट्यूब बंद करा. नमुन्याची थाळी दाराजवळ घ्या, पण थेट उन्हात नको. तुमचा शर्ट पांढरा, राखाडी किंवा काळा असू द्या, कारण लाल शर्टाचा रंग जवळच्या थाळीवर उतरतो. कार्ड थाळीच्या जागीच धरा आणि चकाकी येणार नाही इतकं कलतं करा. कोऱ्या कार्डावर फोकस लागत नाही, म्हणून मॅन्युअल फोकसवर जा. फोकस ढिला असला तरी चालतं. फ्रेमचा मधला भाग कार्डाने भरून फोटो घ्या. कॅननमध्ये मेनूतल्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो फोटो निवडायचा आणि मग मोडही कस्टमवर न्यायचा. ही दुसरी पायरी विसरली जाते आणि लोक म्हणतात कार्ड चालत नाही. निकॉनमध्ये प्रीसेट मॅन्युअल निवडून मोजमाप घ्यायचं. पडताळणी सोपी आहे: संगणकावर कार्डाच्या फोटोत लाल, हिरवा, निळा यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

५५०० चा सल्ला मात्र ऑटोपेक्षा बरा, कारण चूक झाली तरी सगळ्या फोटोंत सारखी होते आणि एकदम दुरुस्त करता येते. पण ५५०० म्हणजे दुपारचं ऊन. ढगाळ हवेत ६५०० च्या आसपास, सावलीत ७५०० च्या पुढे, हॅलोजनला ३२००. आणि केल्विन फक्त निळा ते नारिंगी हीच दिशा सांभाळतो. ट्यूब आणि स्वस्त एलईडी हिरवट असतात, तो हिरवा जायला टिंट (हिरवा ते किरमिजी ही दुसरी दिशा) किरमिजीकडे सरकवावा लागतो. मंगल कार्यालयाच्या पिस्ता रंगाच्या छतावर फ्लॅश उसळवला तर चेहऱ्यावरचा हिरवाही तसाच.

दोन प्रकाश एकत्र असतील तर एक आकडा दोघांना पुरत नाही. हॅलोजनच्या स्टेजवर फ्लॅश वापरताना त्यावर नारिंगी फुल सीटीओ जेल (फ्लॅशचा उजेड हॅलोजनसारखा करणारी पारदर्शक रंगीत पट्टी) लावा आणि कॅमेरा ३२०० ला ठेवा. रंगीत एलईडी पार दिवे (स्टेजवरचे फोकस) चेहऱ्यावर पडत असतील तर डेकोरेशनवाल्याला सांगून वळवून घ्या, जांभळ्या उजेडातली त्वचा कुठलाही बॅलन्स परत आणत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. अशा दिव्यांखाली शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवलं तर एकामागून एक फ्रेमचा रंग वेगळा येऊ शकतो.

समईच्या उजेडातली आरती मात्र पूर्ण तटस्थ करू नका. ३२०० च्या आसपास राहू द्या, तो सोनेरीपणा खराच आहे.

कासच्या पठारावरच्या निळ्या-जांभळ्या फुलांचा प्रश्न वेगळा. बॅलन्स अचूक असूनही ती कधी जास्त निळी येतात, कारण सेन्सरचे रंग-फिल्टर डोळ्यासारखं बघत नाहीत. त्यासाठी बॅलन्स ओढाल तर गवत बिघडेल. २४ चौकोनांच्या रंगतक्त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल (त्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल) करा.

आणि हळदीच्या कार्यक्रमात कार्ड पारदर्शक पिशवीत घालून कुणाच्या हाती देऊ नका, पिशवीची चकाकी आकडे बिघडवते. उघडंच, पण फक्त कडेने धरा. पिवळं बोट मध्यभागी लागलेल्या कार्डावरून बॅलन्स घेतला तर त्यानंतरचे सगळे फोटो निळे निघतात.