‘दोन रुपयांचा शेअर, बुडून बुडणार किती?’

जून लागला की आमच्या रत्नागिरीत दोन गोष्टी एकदम होतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, आणि आंबा बागायतदाराच्या खात्यात कॅनिंगला दिलेल्या आंब्याचे शेवटचे पैसे जमा झालेले असतात. हाताशी वेळही असतो नि पैसाही. नेमका याच दिवसांत स्वस्त शेअरचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा मला तो सात जणांनी पाठवला. त्यातले चौघे माझ्याकडे दरवर्षी आयकराचं विवरणपत्र भरायला येतात. त्यांना एकेकट्याला सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: कोकणी माणूस एफडीत पैसे ठेवून मागे राहिला. दोन रुपयांचा शेअर बुडून बुडणार किती? एल्सिड बघा, साडेतीन रुपयांचा शेअर एका दिवसात सव्वादोन लाखांच्या वर गेला. आम्ही सांगतोय त्या शेअरला रोज अप्पर सर्किट (भावाची दिवसाची वरची मर्यादा) लागतंय, म्हणजे मागणी आहे. ताळेबंद वाचत बसाल तर गाडी सुटेल. खाली ग्रुपची लिंक.

एफडीचं वाक्य मी खोडणार नाही. महागाईपुढे एफडी बऱ्याचदा पुरत नाही हे खरंच आहे, आणि छोट्या कंपनीत पैसे घालूच नका असंही मी कुणाला सांगत नाही. आजच्या मोठ्या कंपन्या कधीतरी छोट्याच होत्या. माझं भांडण पुढच्या वाक्यांशी आहे.

‘दोन रुपयांचा शेअर’ स्वस्त कसा? भाव म्हणजे कंपनीची किंमत नव्हे. भावाला शेअरच्या संख्येने गुणलं की किंमत कळते. दोन रुपयांचे 500 कोटी शेअर असतील तर ती कंपनी तुम्ही 1,000 कोटींना घेताय. तिचा वर्षाचा नफा दोन कोटी असेल तर ती भयंकर महाग आहे. 10 रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एकेक रुपयाचे तुकडे केले की भाव आपोआप खाली दिसतो. आंबे डझनाऐवजी नगावर विकले म्हणून पेटी स्वस्त होत नाही. आणि बुडणार किती, तर घातलेलं सगळं. 50,000 घालून भाव दोन रुपयांवरून 20 पैशांवर आला की 45,000 गेले. ते परत यायला उरलेल्याचे दसपट व्हावे लागतात.

एल्सिडचं उदाहरण मेसेजवाल्यांनी द्यायलाच नको होतं, कारण ते त्यांच्याच विरुद्ध जातं. 29 ऑक्टोबर 2024 ला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा भाव 3 रुपये 53 पैशांवरून 2,36,250 रुपयांवर गेला, हे खरं. पण ती काही कुणी शोधून काढलेली पेनी कंपनी, म्हणजे चार-दोन रुपयांच्या शेअरची छोटी कंपनी, नव्हती. तिच्याकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते आणि तिचे स्वतःचे शेअर सगळे मिळून फक्त दोन लाख. एका शेअरची पुस्तकी किंमत, म्हणजे देणी वजा जाता त्याच्या वाट्याला येणारी मालमत्ता, काही लाख रुपये होती आणि ती ताळेबंदात छापलेली होती. मग भाव साडेतीन रुपये का? कारण त्या भावाला कुणी विकतच नव्हतं. सौदेच होत नव्हते, म्हणून आकडा वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिला होता. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांचा खरा भाव निघावा म्हणून विशेष लिलावाची सोय केली आणि एका दिवसात तो निघाला. साडेतीन रुपयांना तो तुम्हाला कधीच मिळणार नव्हता. आणि त्यातली किंमत दिसायची ती ताळेबंद वाचणाऱ्यालाच.

आता सर्किट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

पावस गावाकडचे एक बागायतदार गेल्या वर्षी असाच एक शेअर घेऊन बसले. 4,000 शेअर, सरासरी 41 रुपये, म्हणजे 1,64,000 रुपये. बागेच्या खतासाठी आणि कल्टारसाठी, म्हणजे मोहोराच्या औषधासाठी, ठेवलेले पैसे. आठवडाभर रोज पाच टक्के वर, मग एका सकाळी उलटं. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या रांगेत तीन लाखांवर शेअर, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. म्हणाले, “ताई, कसंही करून विकून टाका, तोटा झाला तरी चालेल.” पण विकायचे कुणाला? लोअर सर्किट म्हणजे त्या दिवशी त्याखाली सौदा होत नाही आणि त्या भावाला घ्यायला कुणी उभा नाही. लिलावात बोलीच नाही अशी गत. रोज सव्वानऊला ऑर्डर टाकायची, साडेतीनला ती तशीच रद्द. विसाव्या दिवशी शेअर सुटले तेव्हा भाव साडेपंधरा होता. एक लाखाच्या वर गेले. तो तोटा मी त्यांच्या विवरणपत्रात लिहिला. मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण वजा होतो तो फक्त भांडवली नफ्यातूनच. तो नफा व्हायला हवा ना.

अप्पर सर्किट हे याचंच उलटं टोक. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, 75 टक्क्यांपर्यंत शेअर असू शकतात. उरलेल्या पंचवीसातले बरेचसे दोनचार ओळखीच्या खात्यांत असले तर बाजारात फिरायला उरतं काय? मग रोज काहीशे शेअर घेऊनसुद्धा भाव चढवता येतो. म्हणून भावाच्या आलेखाखालच्या काड्या बघा, उलाढालीच्या. महिनोन्महिने बोटभर काड्या आणि तुमच्या मोबाइलवर मेसेज आला त्याच आठवड्यात एकदम लाखांनी शेअर हात बदलतायत. इतके शेअर अचानक कोण विकतंय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हे कल्पनेतलं नाही. 2022 मध्ये साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले. मोठी कंपनी हिला विकत घेतेय, कोट्यवधींचे करार होतायत, वगैरे. मार्च 2023 च्या सेबीच्या अंतरिम आदेशात पुढचं वाचा: छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली, आणि त्याच काळात कंपनीशी संबंधित काही मोठ्या धारकांनी चढ्या भावाला आपले शेअर विकले. ती पन्नास हजारांवर माणसं म्हणजेच मेसेजमधली ‘मागणी’.

मागणीवरून मालाची पारख होत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतल्या दोन शोरूम आणि आठ कर्मचाऱ्यांच्या एका दुचाकीविक्रेत्याने 12 कोटींसाठी आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) आणला आणि अर्ज आले साधारण 4,800 कोटींचे. पुढे बाजारात तो शेअर उघडला तो आयपीओत विकला होता त्याच 117 रुपयांना.

‘ताळेबंद वाचाल तर गाडी सुटेल’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कारण सगळे कागद फुकट आहेत. दर तिमाहीचं भागधारकांचं पत्रक एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, साइटवर असतं. त्यात छोटे भागधारक अचानक वाढलेत का, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, दिसतं. शेअरवर एक्स्चेंजची देखरेख लागलीय का, तेही तिथेच कळतं. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का विचारा. संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. ग्रुपचा अॅडमिन उत्तर देत नाही, तेवढ्यातच अर्धं काम होतं.

या महिन्यात तेच पावसचे दादा पुन्हा आले, मेसेजमधल्या नव्या कंपनीचं नाव घेऊन. मी काही बोलले नाही. वार्षिक अहवाल उघडला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नफा 9 कोटी. त्यांचा चेहरा उजळला. मग रोकड प्रवाहाचं पान काढलं: धंद्यातून हातात आलेली रोकड उणे 6 कोटी. मग येणं असलेली उधारी: वर्षभराच्या विक्रीहून जास्त. दादा वाशीच्या दलालांना तीस वर्षं पेट्या पाठवतायत. दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाला पट्टी म्हणतात. त्यांनी चष्मा वर सारला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे पट्टी आली, पैसे नाही आले.”

चाळीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.