भाऊंचे दुसरे बारसे

आमच्या कोथरूडच्या घरी सहा वर्षांचा एक काळाकुट्ट गावठी कुत्रा दत्तक आला, तेव्हा सोबत तीन गोष्टी घेऊन आला: कुरतडलेला पट्टा, लसीकरणाचे पुस्तक आणि नाव. पहिल्या दोन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्या विद्यार्थ्यांनी त्याला भाड्याच्या खोलीत वाढवले होते, त्यांनी शिक्षण संपवून पुणे सोडताना डोळ्यांत पाणी आणून तो माझ्या हवाली केला आणि जिना उतरता उतरता सांगितले, “काका, ‘भाऊ’ म्हटलं की लगेच येतो.”

तो येतो, यात शंकाच नाही. अडचण बाकीच्यांची आहे. पुण्यातल्या कोणत्याही रस्त्यावर ‘भाऊ’ अशी हाक मारली, की भाजीवाला वळतो, पानवाला वळतो आणि चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवकही मान वळवतील की काय, अशी भीती वाटते. उलट बाजूने म्हणाल, तर एका बाईंनी “भाऊ, स्टेशनला येणार का?” असे रिक्षावाल्याला विचारताच आमचे चिरंजीव त्यांच्या आधी आत चढून मागच्या सीटवर बसले होते.

एके सकाळी त्याने भाजीच्या गाड्याखालून कोंबडीचे हाड उचलले. मी ठेवणीतला आवाज काढून म्हणालो, “भाऊ, टाक ते तोंडातलं! आत्ताच्या आत्ता टाक!” शेजारी टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या एका तरुणाने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, निमूटपणे गटारापाशी जाऊन तोंडातली तंबाखू थुंकली आणि मनगटाने ओठ पुसत तो म्हणाला, “सोडायचीच आहे, काका.” दरम्यान कुत्र्याने हाड गिळले होते.

एवढ्यावरही मी निभावून नेले असते. पण माझे थोरले बंधू, सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक, हे आमच्या सबंध कुटुंबाचे ‘भाऊ’ आहेत आणि दिवाळीला ते आमच्याकडे येणार होते. “भाऊंनी पुन्हा चप्पल फाडली,” “भाऊंना जंताचं औषध द्यायचं राहिलंय,” अशी वाक्ये ज्या घरात दिवसभर सहज उच्चारली जातात, तिथे त्यांना उतरवून घेणे मला जमण्यासारखे नव्हते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी धीर दिला. मोठ्या वयाचा कुत्राही नवे नाव शिकतो. नाव दोन अक्षरी असावे, रोजच्या आज्ञांशी त्याचा घोळ होऊ नये, आधी नवे नाव घेऊन लगेच खाऊ द्यावा, काही दिवस नव्याला जुने जोडून हाक मारावी आणि मग जुने हळूहळू गाळावे, अशी त्यांची पद्धत होती. आज्ञांचा नियम पाळताना बरीच नावे बाद झाली: ‘बसू’ म्हटले की तो बसणार, ‘नकुल’ म्हटले की त्याला ‘नको’ ऐकू येणार. मुलीने जुन्याशी यमक जुळणारे नाव सुचवले, त्याने तर पंचाईत वाढली, कारण ‘माऊ’ म्हणजे मांजर, ‘काऊ’ म्हणजे कावळा आणि ‘जाऊ’ तर आमच्या हिच्या नात्यातलीच, म्हणजे खुद्द भाऊंच्या पत्नी. अखेर आईने ‘मोती’ असा निकाल दिला. तिच्या माहेरचे सगळे कुत्रे मोतीच होते. काळा रंग दाखवून दिल्यावर ती म्हणाली, “मोती काळेही असतात.”

कुत्र्याची सहा वर्षे म्हणजे माणसाची चाळिशी. या वयात नाव बदलायचे, तर माणूस राजपत्रात जाहिरात देतो. माझ्या आजीचे नाव मात्र लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून एका मिनिटात बदलले गेले आणि त्याच संध्याकाळपासून तिने नव्या नावाला ओ द्यावी, अशी अपेक्षा होती. तिला बिस्किटही मिळत नसे.

मोतीला मिळत होते. मी ‘मोती’ म्हणायचो, बिस्किट द्यायचो. ‘मोती-भाऊ’ म्हणायचो, बिस्किट द्यायचो. तीन आठवड्यांत नावाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही, पण डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज मात्र तो गच्चीवरूनही ओळखू लागला. खाण्याच्या नुसत्या चाहुलीनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे दाखवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. आमच्या प्रयोगातही पचनाचा भाग तेवढा निर्विवाद यशस्वी झाला.

वसुबारसेला भाऊ आले. घरातल्या प्रत्येकाला मी दारातच तंबी दिली होती. फराळाला बसल्यावर भाऊंनी दिवाणाखाली पसरलेल्या कुत्र्याकडे पाहून नाव विचारले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तीनदा हाक मारली. “मोती! मोती! मोती!” त्याने कानसुद्धा हलवला नाही.

“याला कमी ऐकू येतं का रे?” कानातले यंत्र बोटाने सारखे करत भाऊंनी विचारले.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, इतक्यात आतून हिने मोठ्या अगत्याने विचारले, “भाऊ, गरम चकली आणू का?”

भाऊंना ते ऐकू गेले नाही. ज्याला गेले, तो दिवाणाखालून सुटला, माझ्या हातातला चहा सांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शहाण्यासारखा बसला आणि शेपटीने फरशी झाडू लागला.