तेनकारा म्हणजे खेळ नव्हे

शनिवारपासून डोक्यात एकच वाक्य घुमतंय : "तेनकारा म्हणजे खेळ नव्हे!" टोकियोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, रूळ जिथे संपतात अशा एका चिमुकल्या स्टेशनावर, तिकिटाच्या फाटकाशी उभं राहून एका गृहस्थांनी हे छातीठोकपणे सांगितलं. कुणी विचारलं होतं का? विचारलं होतं, पण मला.

तेनकारा ज्यांना ठाऊक नाही (आमच्या घरी कुणालाच नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची मासे धरायची ही जुनी रीत. काठी, दोरी आणि पिसांची खोटी माशी, बस्स. रीळ नाही. कोकणात आमच्या आजोळची पोरं बांबूला दोरा आणि गरी बांधून वहाळावर गरवायला जातात, त्यातलाच प्रकार. फक्त तिथे गरीला गांडूळ असतं, काठी फुकट असते आणि काठावर कुणी व्याख्यान देत नाही. इथली काठी कार्बन फायबरची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. उघडली की ३.६ मीटर, मिटली की अर्धा-पाऊण मीटर, पाठपिशवीत मावते. शेंड्याला लिलियन नावाचा लालभडक गोफ असतो, त्याला दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकाला केसासारख्या बारीक नायलॉनवर केबारी, म्हणजे ती माशी. तिची पिसं उलटी, पुढच्या बाजूला झुकलेली. प्रवाहात ती पिसं उघडतात, मिटतात आणि माशाला वाटतं, किडा जिवंत आहे. मासा फसतो म्हणतात. माझ्या बाबतीत मासे हुशार निघतात.

टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींचा समज असा, की मी जातो म्हणजे सुरमई आणणार. आल्यावर फोन येतात, "काय रे, तुकड्या किती पडल्या?" यामामे नाहीतर इवाना, म्हणजे इथले ओढ्यातले मासे, लागला तर वीतभर, तोही ठरलेल्या मापाच्या आत असेल तर परत पाण्यात सोडायचा, असं तिकिटावरच छापलेलं. हो, तिकीट. ओढ्यात पाय घालायचा तर त्या खोऱ्याच्या मच्छीमार संस्थेचं दिवसाचं तिकीट काढावं लागतं. आदल्या दिवशी दुकानातून घेतलं तर एक दर, काठावर तपासनिसाने गाठलं तर चढा दर. हंगाम मार्च ते सप्टेंबर. एवढं सगळं पाळून, पहाटेची पहिली गाडी पकडून, अस्वलासाठीची घंटा कमरेला लावून माणूस पाण्याशी पोचतो. कशासाठी? शांततेसाठी!

तर शांतता अशी, की मी काठी निम्मी उघडली असेल-नसेल, मागून दुसरी घंटा वाजली. अस्वल परवडलं असतं. सत्तरीचे एक आजोबा. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला इतके खिसे की प्रत्येकात काय आहे हे त्यांनाही आठवत नसावं. ते माझ्या वरच्या अंगाला, डोहाच्या बरोबर तोंडाशी येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाण्यावर सावली पडू देऊ नकोस. मासे पळतात." त्यांची स्वतःची सावली डोहाच्या पार पलीकडच्या खडकापर्यंत पसरली होती.

"कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर इंटरनेटवर, एका अमेरिकनाकडून. २००९ साली तेनकाराच्या काठ्या विकणारी एक कंपनी अमेरिकेत निघाली आणि तेव्हापासून तिकडच्या लोकांनी या विषयावर चित्रफितींचा पाऊस पाडलाय. कोकणातल्या माणसाने जपानी विद्या अमेरिकन माणसाकडून घ्यावी, हे ऐकून आजोबांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता माझा व्हिसा तपासतात.

पुढचा तासभर शिकवणी. काठी घड्याळातल्या बारावर थांबली पाहिजे, पुढे दहावर. मनगट असं. कोपर अंगाशी. मी डबी उघडली तर म्हणाले, "इतक्या माश्या कशाला? इशिगाकी सेन्सेइ एकच वापरतात." हे मात्र खरं आहे. हिसाओ इशिगाकी हे तेनकारातलं मोठं नाव आणि ते एकाच तऱ्हेच्या केबारीवर मासे धरतात. पण ते इशिगाकी आहेत हो! देवाने त्यांना हात दिलाय, मला डबी दिलीय.

मग त्यांनी माझी काठी हातात घेतली. "जोड सैल आहेत," म्हणाले, आणि एकेक नळी पिळून, दात-ओठ खाऊन ओढली. हे जोड अलगद बसवायचे असतात, हे काठीबरोबरच्या कागदावर चित्र काढून सांगितलेलं आहे. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत झालं होतं. संध्याकाळी काठी मिटायला घेतली तर शेंड्याकडच्या बारीक नळ्या गुमान आत गेल्या, बुडाच्या जाड्या चार मात्र हलेनात. ओलं फडकं लावून बघितलं, रबराचा तुकडा लावून बघितलं. आजोबा म्हणाले, "घट्ट बसल्यात. चांगली काठी आहे."

अशी ती अर्धवट भाल्यासारखी काठी घेऊन मी स्टेशनावर. सोबत आजोबा, कारण त्यांचीही तीच गाडी.

फाटकावरचा तरुण कर्मचारी बाहेर आला, वाकला, माफी मागितली आणि खिशातून टेप काढली. माझ्या काठीचं माप घेतलं. २ मीटर १९ सेंटिमीटर. पुन्हा घेतलं, दुसऱ्या बाजूने. पुन्हा २ मीटर १९. "प्रवासी महोदय," तो इतक्या दुःखाने म्हणाला, की मलाच त्याची समजूत घालावीशी वाटली, "डब्यात २ मीटरपर्यंतच सामान नेता येतं." मग त्याने जाडसर वही उघडली, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. खेळाचं साहित्य असेल आणि डब्यात उभं धरता येत असेल तर हरकत नाही. "ही वस्तू खेळाचं साहित्य आहे ना?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"तेनकारा म्हणजे खेळ नव्हे!" आजोबा गरजले.

आणि सुरू झाले. डोंगरातले धंदेवाईक मासेमार याच काठीवर पोट भरायचे. धरलेले मासे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या खाणावळींना विकायचे. रीळ नाही, कारण ओझं नको. दोरी आखूड, कारण मासा झटक्यात टोपलीत पडला पाहिजे, वेळ म्हणजे पैसा. "हा व्यवसाय होता. खेळ म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे." सगळं खरं. शब्द न् शब्द खरा. हेच दुसऱ्या कुठल्याही फाटकावर ऐकलं असतं तर मी टाळ्या दिल्या असत्या.

तो बिचारा कर्मचारी वहीत "व्यवसायाची अवजारं" कुठे येतात ते शोधू लागला. मी हळूच विचारलं, "आणि वाद्य असेल तर?" त्याने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे ऐकलं नाही असं केलं. गाडीला चार मिनिटं होती. पुढची तासाभराने.

आजोबांना बहुधा माझी दया आली. "दे इकडे," म्हणून त्यांनी काठी ओढून घेतली, एक टोक बगलेत धरलं आणि पिळली. कट्.

मधली नळी मोडली. दोन तुकडे झाले. कर्मचाऱ्याने टेप काढली, दोन्ही तुकडे मोजले, समाधानाने मान हलवली आणि कमरेत वाकून म्हणाला, "आता नियमात बसतं. सहकार्याबद्दल आभारी आहोत."

गाडीत आजोबा शेजारीच. भरपाई म्हणून त्यांनी कुठल्याशा खिशातून एक केबारी काढून दिली, स्वतः बांधलेली. मग तामागावा नदीच्या वळणांकडे बघत डुलक्या घेतल्या. मी जागाच. या वयाच्या माणसांना काही बोलता येत नाही, हा जो नियम आपल्या हाडीमाशी भिनवलाय ना, त्याचा फायदा फक्त त्याच वयाची माणसं घेतात. पुण्यात घेतात, टोकियोत घेतात. आपण चाळिशीत ऐकून घ्यायचं आणि आपली सत्तरी येईपर्यंत ऐकून घेणारे संपलेले असणार.

एक बरं, इथले बनवणारे काठीची एकेक नळी सुटी विकतात. रविवारी दुकानात गेलो. तिथल्या मुलीने अर्ज पुढे केला. नळीचा क्रमांक, काठीची लांबी आणि खाली रकाना : मोडण्याचं कारण. मी थोडा विचार करून लिहिलं, "मासा". तिचे डोळे चमकले. "बापरे! केवढा होता?"

"सत्तरीचा असेल," मी म्हटलं. "बिनबाह्यांचं जाकीट होतं अंगात."