‘टुटा’ म्हणता येतं ना, मग?

द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘किडींची शास्त्रीय नावं म्हणजे साहेबलोकांची पोपटपंची. शेतकऱ्याच्या तोंडात बसत नाहीत, सारखी बदलतात. औषध मारायला आपलं गावठी नाव पुरतं.’ निफाड-दिंडोरीकडच्या निदान पाच जणांनी तो मला पाठवलाय.

तोंडात बसत नाहीत? टोमॅटो पोखरणारी बारीक अळी दिसली की टोमॅटोवाला ‘टुटा आला’ म्हणतो, ते टुटा काय पिंपळगावच्या बाजारात जन्मलं? ‘टुटा अॅब्सोल्युटा’ या शास्त्रीय नावातलाच शब्द तो. थ्रिप्स ही कीड, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक, नावं सगळी त्याच घरची. गरज पडली की जीभ वळते.

गावठी नाव पुरतं, हे मात्र अंगाशी येतं. माझा मावसभाऊ इगतपुरीला भात करतो. गेल्या पावसाळ्यात फोनवर म्हणाला, “दादा, खोडकिड्याला काय करता?” मी सांगत सुटलो: खोडाशी भुसा दिसला की भोक शोध, तार घालून अळी ओढून काढ, औषधाचा बोळा कोंब, वरून चिखलाने लिंप. तिकडे शांतता. मग हळूच, “भाताच्या काडीत तार घालू?” द्राक्षाचा खोडकिडा म्हणजे भुंगेऱ्याची अळी, लाकूड पोखरणारी. भातातली पतंगाची, गाभा मारणारी. जिल्हा एक, नाव एक, किडी दोन.

उलटंही आहेच. हरभऱ्यातली घाटे अळी, कपाशीतली हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी, तिन्ही एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. टोमॅटोला खेटून हरभरा पेरणाऱ्याला हे ठाऊक नको?

आणि लाल कोळी तर कीटकच नाही. भिंगाखाली पूर्ण वाढलेल्या कोळ्याचे पाय मोजा, आठ भरतील. त्याला कोळीनाशकच लागतं. कीटक समजून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलंत, तर कोळ्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी आणखी फोफावतो.

नावं बदलतात, हे खरं. घाटे अळीला आधी हेलिओथिस म्हणत. टुटाचंही आता फ्थोरिमिया झालंय. पण बदलला तो पहिला शब्द. आर्मिजेरा आणि अॅब्सोल्युटा जागच्या जागी आहेत, त्यामुळे जुन्या कागदातली कीडही ओळखता येते. गावठी नाव तर नुसतं पीक बदललं तरी बदलतं.

एक मात्र कबूल. ‘पिठ्या ढेकूण’ म्हटलं की घडावरचं पांढरं पीठ डोळ्यांपुढे येतं. मॅकोनेलिकोकस म्हटल्यावर काहीच येत नाही. बांधावर मीही पिठ्याच म्हणतो. औषधाला पैसे मोजण्याआधी मात्र सहायक कृषी अधिकाऱ्याला कीड दाखवून शास्त्रीय नाव वहीत लिहून घेतो.